एक्क्याण्णवावा दिवस

दवाखान्याच्या तळमजल्यावर एक्स-रेच्या खोलीला वळसा घालून गेलं की डाव्या हाताला एक खिडकी लागते. तिच्यावर पाटी नाही. पाटी लावली तर इथे कोणी फिरकणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, आणि ज्या थोड्या बाबतींत मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर निघालं त्यांतली ही एक. खिडकीच्या आत एक टेबल, एक लोखंडी कपाट, खिळ्याला अडकवलेलं कॅलेंडर आणि खुर्चीत हजेरीताई. हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. रांगेतल्या लोकांनी ठेवलंय, कारण बाटली हातात देण्याआधी ती हजेरी घेते. आलात का, एकटेच आलात का, मागच्या बाटलीतल्या किती उरल्या, आणि चेहरा असा का पाडलाय.

इथे जो येतो तो एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला येतो. महिन्याला एक बाटली, बाटलीत तीस गोळ्या, रोज एक, मरेपर्यंत. घेत राहिलं तर माणूस चारचौघांसारखा म्हातारा होतो. सोडली तर होत नाही. सगळं शास्त्र एवढंच, आणि तरी दर महिन्याला दहाबारा माणसं कुठेतरी गळतातच. कोणाला बरं वाटायला लागतं म्हणून, कोणाला सासरी बाटली लपवायला जागा नसते म्हणून, कोणाला बसभाडं आणि बुडालेली मजुरी यांचा मेळ बसत नाही म्हणून.

हजेरीताईला हे कोणी शिकवावं लागलं नाही. तिची स्वतःची बाटली चौदा वर्षं त्याच कपाटात खालच्या फळीवर असायची. नोकरी मिळाली तीही त्यामुळेच. ज्याला दुखणं आहे तोच दुसऱ्याला नीट समजावतो, असं वरच्यांचं मत होतं, आणि असा माणूस स्वस्तातही पडतो, हे वरचे बोलत नसत. तिच्याकडे पदवी नव्हती, पांढरा कोट नव्हता. होती ती थट्टा. रडक्या तोंडाने दिलेली बाटली माणूस वाटेत गटारात टाकतो आणि हसत दिलेली घरापर्यंत नेतो, यावर तिचा पक्का विश्वास. त्यामुळे नऊ वाजता खिडकी उघडली की तिची टकळी सुरू व्हायची ती एकपर्यंत. लोक गोळ्यांइतकेच त्या टकळीसाठी येत, असं डॉक्टरबाई म्हणायच्या. हजेरीताईला ते ऐकून बरं वाटायचं. पुढे ज्याचं वाईट वाटून घ्यायचं होतं, त्याचंच तेव्हा बरं वाटत होतं.

रांगेत एक माणूस असा होता की त्याला थट्टेची गरजच नव्हती. त्याला सगळे घड्याळकाका म्हणत. तारखेच्या दिवशी नऊला दहा कमी असताना ते बाकावरच्या पहिल्या जागेवर बसलेले असत. अकरा वर्षांत एकदाही तारीख चुकली नाही. बसचा संप होता तेव्हा चालत आले, पाय मुरगळला तेव्हा काठी टेकत आले. त्यांचा धंदा चेन दुरुस्तीचा. बाजाराच्या मागच्या जिन्यावर, खालून तिसऱ्या पायरीला, पत्र्याची एक पेटी घेऊन ते बसत. पेटीत लहान-मोठे रनर आकाराप्रमाणे वेगळ्या डब्यांत, दोन पकडी, सुईदोरा आणि मेणबत्तीचा तुकडा. बॅग, पर्स, जॅकेट, शाळेचं दप्तर, कोणाची विजार, काहीही आणा. चेन बसली की ते तिच्यावर मेण घासत, तीनदा उघडून मिटून दाखवत आणि मगच पैसे घेत.

वेळेचं हे वेड त्यांना उपजत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. वर्षभर ताप, वर्षभर खोकला, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, आणि नेमकं काय झालंय ते कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुम्ही उशीर केलात. मग काकांचं रक्त तपासलं. ते पहिल्यांदा या खिडकीशी आले तेव्हा त्यांचं वजन एकोणचाळीस किलो होतं. उशीर हा शब्द तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसला. मूलबाळ नव्हतं. एक बहीण होती, दुसऱ्या शहरात. तिला हे दुखणं ठाऊक होतं, मेहुण्यांना नव्हतं, त्यामुळे येणंजाणं बेताचंच.

गोळ्यांनी ते उठले, कामाला लागले. पण रक्तातल्या ज्या पेशी मोजतात, त्या त्यांच्या अंगात कधीच भरभरून वाढल्या नाहीत. दर तपासणीला डॉक्टरबाई कागद बघून एकच वाक्य बोलायच्या. "तुमच्या गाठीला फार काही नाही, काका. दुसऱ्याचं निभावेल, तुमचं निभणार नाही. गोळी चुकवायची नाही." काका मान हलवत. हजेरीताई शेजारी उभी राहून म्हणायची, "यांना काय सांगताय बाई, यांच्यावरून मी माझं घड्याळ लावते."

मग योजना आली. योजनेचे साहेब आले, लॅपटॉप आला, टेबलाच्या कडेला एक कुलूपबंद पेटी आली. साहेब माणूस वाईट नव्हता. आवाज चढवत नसे, आणि रांगेतल्या लोकांकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर ती ओशाळी दया नसायची, जी बाकी साहेबांच्या असते. त्याने नियम सांगितला तो साधा होता. चुकलेल्या तारखेनंतर नव्वद दिवस जो फिरकला नाही, तो गळालेला. असा गळालेला परत आला की त्याचं नाव योजनेत घालायचं. पहिली तारीख पंधरा दिवसांनी, पुढच्या महिन्यामहिन्याने. तारखेला स्वतः हजर राहिला की सही घ्यायची आणि पाचशेचं एक पाकीट द्यायचं. अशी सहा पाकिटं. तोवर सवय लागते, असं म्हणे कुठेकुठे दिसून आलंय.

आणि लागलीही, हे कबूल करायला हवं. धान्याच्या गोदामातला एक हमाल दोन वर्षं गायब होता. हजेरीताईने त्याच्या घरी तीन चपला झिजवल्या होत्या, तरी हा पठ्ठ्या मागच्या दाराने पसार. पाकिटाचं कळल्यावर तो आपल्या पायांनी आला. पहिलं पाकीट त्याने दारूत उडवलं, दुसरं अर्धं उडवलं, तिसऱ्या तारखेला बायकोला घेऊन आला. चौथ्या तारखेला त्याचे गाल भरले होते. पाकीट नसतं तर तो मेला असता. हजेरीताईने स्वतः त्याची फाइल कपाटाच्या कोपऱ्यातून काढून पुढच्या फळीवर आणली आणि त्या दिवशी सगळ्यांना आपल्या खर्चाने चहा पाजला.

पण रांग ती रांग. रांगेला डोळे असतात. जे नियमित येत त्यांच्या फाइलवर हिरवी पट्टी चिकटवलेली होती, आणि हिरव्या पट्टीवाल्यांनी बघितलं की पाकीट मिळतं ते लाल पट्टीवाल्यांना. कुजबुज सुरू झाली. हजेरीताईलाही आत कुठेतरी टोचलंच, तिची पट्टीही हिरवीच होती. ती साहेबाकडे गेली.

"साहेब, नेमाने येतात त्यांना निदान एकदा तरी द्या की. अर्धं द्या."

साहेबाने लॅपटॉप मिटला, म्हणजे त्याने ते मनावर घेतलं होतं. "ताई, पैसे मोजके आहेत. जे येतातच, त्यांना देऊन आपल्या हाती नवं काय लागणार?"

हिशेबाने तो बरोबरच होता. हजेरीताई परत खुर्चीत येऊन बसली आणि ज्याला उत्तर नसतं त्याचं ती जे करत आली होती तेच तिने केलं. त्याची थट्टा केली. कोणी पाकिटाचं विचारलं की ती म्हणायची, "तुम्ही शहाणे ना, शहाण्यांना कोण विचारतं?" लोक हसत आणि बाटली घेऊन जात.

त्या महिन्यात घड्याळकाका नेहमीसारखे पहिले आले. बाटली हातात घेतली, लांब धरली, मग जवळ आणली, मग पुन्हा लांब धरली. "पुढची तारीख काय लिहिलीय, ताई?" हजेरीताईने वाचून दाखवली. ते जागचे हलले नाहीत. अकरा वर्षांत ज्याने कधी काही मागितलं नव्हतं तो माणूस खाली बघून म्हणाला, "ते पाकीट आम्हाला कधी?"

"तुम्हाला कशाला? तुम्ही कुठे चुकता?"

"मग?"

"मग काय, चुका एकदा. नव्वद दिवस दडी मारून बसा, एक्क्याण्णवाव्या दिवशी या. मी स्वतः उभी राहून पाकीट देते."

रांग हसली. काकाही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. त्यांच्या हातून उशिरा झालेली तेवढी एकच गोष्ट. मग त्यांनी विचारलं, "नव्वद पुरत नाहीत का? एक्क्याण्णवच?"

"एक्क्याण्णवच. तुमच्यासारख्याला एका दिवसाचं काय ते." तिला वाटलं, काका थट्टा पुढे नेतायत. तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

पुढच्या तारखेला बाकावरची पहिली जागा रिकामी होती. नऊ वाजले, दहा वाजले. "घड्याळाची किल्ली संपली वाटतं," ती रांगेला म्हणाली. दुपारी तिने फोन लावला. काकांनी उचलला.

"बहिणीकडे आलोय, ताई. राहीन थोडे दिवस. इथल्या दवाखान्यातून घेतो गोळ्या."

दुसरा कोणी असता तर तिने त्या दवाखान्याचं नाव विचारलं असतं, तिथल्या खिडकीला फोन करून खात्री केली असती. तो नियमच होता. लाल पट्टीवाल्यांच्या बाबतीत ती कधी विसरली नव्हती. पण घड्याळकाकांच्या शब्दाची खात्री करायची म्हणजे त्यांचा अपमान, असं तिला वाटलं. तिने फाइलवर लिहिलं, बाहेरगावी. थट्टा तिला आठवली का? नाही. दिवसाला पन्नास फिरक्या घेणाऱ्या बाईला कुठली आठवणार? हे तिने नंतर स्वतःला शेकडो वेळा सांगितलं, आणि त्याने तिळमात्र फरक पडला नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी तिच्या खांद्यावरच्या बॅगेची चेन निघाली. ती सवयीने बाजाराच्या मागच्या जिन्याकडे वळली. काका तिथे नसतील हे तिला ठाऊक होतं, शेजारचा कुलपांच्या किल्ल्या बनवणारा करून देईल असं वाटलं. तर तिसऱ्या पायरीवर काका बसलेले.

"अरे, बहिणीकडून कधी आलात?"

"कालच," काका म्हणाले. ते एवढ्या पटकन बोलले की तिला कळायला हवं होतं. त्यांनी बॅग मांडीवर घेतली. रनर चेनीच्या दातांत घालायला त्यांना चार खेपा लागल्या. पूर्वी ते बोलता बोलता, न बघता घालायचे. मधे त्यांना खोकला आला. तोंडाला रुमाल लावून त्यांनी तो आवरता घेतला.

"खोकला कसला?"

"धूळ आहे इथे."

"गोळ्या चालू आहेत ना?"

"चालू आहेत." त्यांनी मेण घासलं, तीनदा चेन उघडून मिटून दाखवली आणि पैसे घेतले नाहीत. "तुमच्याकडून काय घ्यायचे? लवकरच येतो खिडकीला."

घरी जाताना बसमध्ये तिने ती चेन उगाच दोनदा ओढून बघितली. मऊ चालत होती. काकांचा सदरा खांद्यावर लोंबत होता, हे तिने पाहिलं होतं. वय झालं, एकटा माणूस, जेवणाचे हाल, असं तिने मनाशी म्हटलं. तिथेच पायरीवर बसून तिने त्यांचा हात धरला असता तर? पण जो माणूस खोटं बोलत नाही तो बोलला तर ओळखायचं कशावरून? तिने ओळखलं नाही. खरं सांगायचं तर ओळखायचं तिच्या मनातच आलं नाही.

एक दिवस ती नवाला पाच कमी असताना आली तर पहिल्या जागेवर काका बसलेले. तिला आधी नुसता आनंद झाला. मग ती जवळ गेली. गालफडं बसलेली, डोळे आत गेलेले, कपाळ तापलेलं, आणि चेहऱ्यावर हसू. असं हसू तिने त्यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. त्यांनी खिशातून हातभर लांबीचं घडी केलेलं कॅलेंडर काढून खिडकीच्या फळीवर ठेवलं. चुकलेल्या तारखेपासून प्रत्येक दिवसावर जाड पेनाची फुली होती. काही फुल्या चौकोन सोडून बाहेर पडल्या होत्या.

"मोजून घ्या," ते म्हणाले. "एक्क्याण्णव."

हजेरीताईने फुल्या मोजल्या नाहीत. तिला आता ती थट्टा शब्द न् शब्द आठवली, रांग कशी हसली तेही आठवलं.

"काका, तुम्ही गोळ्या घेतल्याच नाहीत?"

"बाटली संपली तिथे थांबलो. अकरा वर्षांच्या गोळ्या पोटात आहेत, ताई. चेनीचे दोनचार दात तुटले तरी रनर पुढे सरकतो. तसं धरलं मी." मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "सहा पाकिटांत चष्मा होतो. दुहेरी भिंगांचा, लांबचं-जवळचं दोन्ही दिसेल असा. नंबर काढून आणलाय." वरच्या खिशातून त्यांनी चष्म्याच्या दुकानातली चिठ्ठी अर्धी बाहेर काढून दाखवली आणि पुन्हा नीट आत सारली.

"काका, मी गंमत केली होती."

"ते कळलं होतं मला," काका म्हणाले. "पण नियम खराच होता ना?"

ती म्हणाली, "हो."

"अकरा वर्षं वेळेवर आलो. एकदा तरी वाटलं, आपल्यालाही कोणी काही द्यावं."

डॉक्टरबाईंनी त्यांना बघितलं आणि आधी काट्यावर उभं केलं. नऊ किलो वजन उतरलं होतं. छातीत क्षय होता, आणि डोकं सारखं दुखतंय म्हणाले तेव्हा बाईंनी मानेखाली हात घालून डोकं उचलून बघितलं, तर मान लवेना. क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. त्यांना दुसऱ्या मजल्यावर दाखल केलं. आधी क्षयाची औषधं, मग काही आठवड्यांनी या गोळ्या, नाहीतर शरीर उलटतं, असं बाईंनी सांगितलं. म्हणजे ज्या गोळीसाठी एवढा खटाटोप ती द्यायचीही सोय नव्हती.

हजेरीताईने मात्र फॉर्म भरला. नियमाने ते बसत होते. फॉर्मवर एक प्रश्न होता, उपचार का सोडले. पुढे चौकोन होते. लाज, दारू, प्रवासखर्च, औषधाचा त्रास, घरच्यांचा विरोध, इतर. ती पेन धरून बराच वेळ बसली. मग तिने इतर या चौकोनात खूण केली. त्यापुढे लिहायला दोन ओळी मोकळ्या सोडलेल्या होत्या. त्या तिने मोकळ्याच ठेवल्या.

ती रोज दुपारी वर जाऊ लागली. काकांच्या दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं कण्हत पडलेली, काका मात्र शांत. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, दिवे का घालवलेत? दिवस होता, आणि खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. आठव्या दिवसापासून त्यांना काहीच दिसेना. मेंदूतल्या सुजेने डोळ्यांच्या शिरा दाबल्या, असं बाई म्हणाल्या. हजेरीताई जिन्यात बसून रडली. जिन्यावरून जाणाऱ्या नर्सने विचारलं, कोण लागतात तुमचे? तिने सांगितलं, कोणी नाही.

पंधरावा दिवस आला. सकाळपासून काका तारीख विचारत होते. "आज आहे ना? खाली जायचंय मला." नर्स म्हणाली, पाकीट वर आणून द्या की. पण सही खिडकीसमोरच घ्यायची असा नियम होता, आणि काकांना नियम मोडायचा नव्हता. त्यांचा एक नियम मोडून झाला होता. हजेरीताईने चाकाची खुर्ची मागवली, त्यांना उचलून बसवलं. उचलताना तिला काही जड लागलं नाही. लिफ्टने खाली आणलं, एक्स-रेच्या खोलीला वळसा घालून खिडकीशी आणलं. नवाला दहा कमी होते. काकांनी विचारलं, "किती वाजले?" तिने सांगितल्यावर त्यांना समाधान वाटलं.

तिने त्यांचं बोट धरून रजिस्टरावर सहीच्या जागी टेकवलं. त्यांनी सही केली. ती तीन ओळी सोडून, दुसऱ्याच कोणाच्या रकान्यात गेली. तिने पाकीट त्यांच्या हातात दिलं. ती उभी होती. उभी राहून देते, असं ती म्हणाली होती. काकांनी पाकीट चाचपलं, ते मिटलेलं आहे याची अंगठ्याने खात्री केली आणि तिच्याकडे पुढे केलं.

"तुम्हीच ठेवा. चष्म्याच्या दुकानात भरून टाका. तुमच्या बॅगेची चेन नीट आहे ना?"

"नीट आहे, काका." तिने ती उघडली, पाकीट आत ठेवलं, चेन ओढली. तो आवाज ऐकून काकांनी मान हलवली.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. बहीण आली ती सगळं संपल्यावर. बारीक चणीची, भावासारखीच हनुवटी, नवऱ्याला काय सांगून निघाली होती देव जाणे. पत्र्याची पेटी, दोन सदरे, घडी केलेलं कॅलेंडर, सगळं तिने पिशवीत भरलं. हजेरीताईने पाकीट तिच्या हातात दिलं.

"हे कशाचे?" बहिणीने विचारलं.

"वेळेवर आले, त्याचे."

बहीण पाकिटाकडे बघत राहिली. "तो वेळेवर यायचाच," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "ताई, एवढी वर्षं गोळ्या चालू होत्या ना त्याच्या? मग असं कसं झालं?"

हजेरीताईच्या जिभेवर सगळं आलं होतं. रांग, हसणं, एक्क्याण्णव. ती म्हणाली, "मधे खंड पडला." बहिणीने विश्वास ठेवला. भावासारखीच तीही समोरच्याचं बोलणं खरं धरणारी निघाली. पिशवी काखेत घेऊन ती बसथांब्याकडे गेली, आणि हजेरीताई आपल्या भित्रेपणावर थुंकावं असं वाटत तिथेच उभी राहिली.

महिनाअखेरीला साहेबाची बैठक झाली. पडद्यावर आकडे होते. परत आलेल्यांची संख्या वाढली होती, पहिल्या तारखेला हजर राहणाऱ्यांची टक्केवारी छान होती. त्या टक्केवारीत घड्याळकाका होते. परत आले, होय. तारखेला हजर, होय. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, मृत्यू, अन्य आजाराने. बैठक उठल्यावर हजेरीताईने साहेबाला गाठलं आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं, आपली थट्टा धरून. साहेबाचा चेहरा उतरला. त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "वाईट झालं, ताई. मी वर कळवतो. पण एका माणसावरून योजना बंद करता येत नाही. त्या हमालाचं काय मग?" तेही खरं होतं. हमाल जिवंत होता. तिला रडायलाही धड जागा उरली नव्हती.

तेव्हापासून खिडकीमागची टकळी बंद पडली. ती नाव विचारते, उरलेल्या गोळ्या मोजते, बाटली देते, पुढची तारीख मोठ्याने दोनदा वाचून दाखवते. लोक म्हणतात, ताईंची तब्येत बरी नाही. फाइल हिरवी असो की लाल, तारीख चुकली की त्याच दुपारी ती फोन करते आणि दवाखान्याचं नाव विचारते. हे सगळं आता करते.

परवा इस्त्रीवाल्या काकू आल्या. सहा वर्षं नियमित, हिरवी पट्टी. नवऱ्याच्या मागे दोन मुलींना त्यांनी इस्त्रीच्या जोरावर वाढवलं. बाटली घेतली, पदराआड ठेवली, आणि जायच्या ऐवजी त्या खिडकीच्या जाळीशी तोंड आणून हळूच म्हणाल्या, "ताई, रागावणार नसाल तर विचारते. त्या चेनवाल्या काकांना तुम्ही सांगितलं होतंत म्हणे. ते क्षयाने गेले म्हणे, पण पाकीट मिळालं ना त्यांना, आम्ही बघितलं तुम्ही देताना. धाकटीची फी भरायची आहे. मला नेमकं सांगा, किती दिवस यायचं नाही?"

हजेरीताईने वर बघितलं. काकूंच्या मागे रांगेत आणखी तिघं हिरव्या पट्टीची माणसं उभी होती. तिघंही आपसातलं बोलणं थांबवून ऐकत होती. त्यांनाही आकडा हवा होता.